बोलपटांतील न्याय

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

गुन्हेगारीचे बोलपट चांगले कीं वाईट, हा वाद बोलपटांइतकाच जुना आहे. एक पक्ष म्हणतो कीं, असल्या चित्रांनीं तरुण मुलें बिघडतात. कुलूप कसें उघडावें, खिसा कसा कापावा आणि पोलिसांच्या हातावर तुरी कशी द्यावी, हें तीं पडद्यावर पाहून शिकतात. दुसरा पक्ष म्हणतो कीं, बोलपट हा आरसा आहे. समाजांत चोर आहेत म्हणून पडद्यावर चोर दिसतात, आणि आपलें तोंड वाकडें असल्यास आरशावर रागावण्यांत अर्थ नाहीं. हे दोन्ही पक्ष कित्येक वर्षें एकमेकांशीं भांडत आले आहेत, आणि दोघांचेंही लक्ष गुन्ह्यावरच खिळलेलें आहे. परंतु बोलपट पाहून खिसा कापावयास निघणारा प्रेक्षक हजारांत एखादा असेल. उरलेले नऊशें नव्याण्णव कांहीं निराळेंच शिकून घरीं जातात. गुन्हेगाराचें काय व्हावें, तें कोणीं करावें आणि किती लवकर करावें, याविषयींची एक कल्पना ते मनांत घेऊन जातात. तीच त्यांची न्यायाची कल्पना. श्रोतेहो, तिच्याविषयीं आज मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानांत घ्यावी. चित्रगृहांत बसलेला प्रेक्षक आणि न्यायासनावर बसलेला न्यायाधीश या दोघांच्या स्थितींत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. पडद्यावर खून होतो तेव्हां प्रेक्षक तेथें हजर असतो. सुरा कोणाच्या हातांत होता, दिवा कोणीं मालविला, खिडकींतून उडी टाकून कोण पळाला, हें सारें त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. म्हणून पुढें न्यायालयाचा देखावा येतो आणि आरोपीचा वकील उलटतपासणी करूं लागतो, तेव्हां तो वकील प्रेक्षकाला केवळ अडथळा वाटतो. साक्षीदार अडखळला, तारीख पुढें गेली, पुरावा अपुरा ठरला, कीं प्रेक्षक चडफडतो. कारण निकाल त्याला आधींच ठाऊक असतो. न्यायाधीशानें मात्र कांहींच पाहिलेलें नसतें. किंबहुना ज्यानें गुन्हा स्वतः पाहिला असेल त्यानें साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहावें, न्यायासनावर बसूं नये, असा सर्वमान्य संकेत आहे. न्यायाधीशास जें कळतें तें दुसऱ्याच्या तोंडून कळतें. आणि तें तोंड खोटें बोलूं शकतें, चुकूं शकतें, भीतीनें मिटूंही शकतें. पंचनामा, उलटतपासणी, संशयाचा फायदा, अपील ही सारी व्यवस्था न्यायाधीशाच्या या एका अज्ञानापोटीं जन्मास आली आहे. जो सर्वज्ञ आहे त्याला न्यायालयाची गरज नाहीं. आणि बोलपटाचा प्रेक्षक त्या अडीच तासांपुरता सर्वज्ञ असतो.

याचा परिणाम काय होतो तें पाहण्यासाठीं कबुलीजबाबाचें उदाहरण घ्या. पडद्यावरील फौजदार संशयिताच्या दोन थोबाडींत देतो, संशयित घडाघडा सारें सांगून टाकतो, आणि गुन्ह्याचा उलगडा होतो. प्रेक्षक टाळी वाजवितो. कारण मार खाणारा खरोखरच गुन्हेगार आहे, हें त्यानें पाहिलेलें आहे. कायदा मात्र असल्या कबुलीवर विसंबत नाहीं. पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही तो कायम आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तु सांपडली तर तेवढ्यापुरता काय तो अपवाद. मार बसूं लागला म्हणजे गुन्हेगार जसा कबूल होतो तसाच निरपराधही होतो, आणि दोघांचे शब्द सारखेच असतात, हा कटु अनुभव या नियमाच्या मुळाशीं आहे. पडद्यावर चुकीच्या माणसास मार बसल्याचा देखावा आपणांस क्वचितच दिसतो. म्हणून त्या नियमाचें मर्म आपल्या ध्यानांत येत नाहीं, आणि कायदा गुन्हेगाराची बाजू घेतो असें वाटूं लागतें.

बोलपटानें न्यायालयाचें बाह्य रूपही आपल्या मनावर असेंच ठसविलें आहे. लांकडी हातोडा आपटून शांतता प्रस्थापित करणारा न्यायाधीश आपल्या देशांतील न्यायालयांत आढळत नाहीं. साक्षीदारानें धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेण्याचा देखावा आपण शेंकडों वेळां पाहिला आहे. परंतु १९६९ च्या शपथांच्या कायद्यांत जे शपथेचे नमुने दिलेले आहेत, त्यांत ग्रंथावर हात ठेवण्याचें नांवही नाहीं. ईश्वराला स्मरून शपथ घ्यावी अथवा गंभीरपणें प्रतिज्ञा करावी, एवढेंच तेथें सांगितलें आहे. तरीही न्यायालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर हातोडा आणि ग्रंथच येतात. डोळ्यांनीं पडताळून पाहतां येणाऱ्या वस्तूंविषयीं जर बोलपट आपली अशी समजूत करून देऊं शकतो, तर न्यायासारख्या अदृश्य वस्तूविषयीं तो काय करूं शकत असेल, याची कल्पना करावी.

मात्र बोलपटानें नेहमीं उतावळेपणाच शिकविला, असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९४३ सालीं बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ आला. ग्यान मुखर्जी यांनीं दिग्दर्शित केलेल्या या बोलपटांत अशोककुमार यांनीं खिसेकापूची भूमिका केली, आणि कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहांत तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला. युद्धाचे, महागाईचे आणि बंगालमध्यें तर भीषण दुष्काळाचे ते दिवस होते. अशा वेळीं चोराला नायक मानण्यास लोकांची हरकत नव्हती. परंतु शेवटीं हा चोर एका धनिकाचा हरवलेला मुलगा निघतो. चोरानें प्रेक्षकांचें मन जिंकलें खरें. पण तो मुळांत चांगल्या घरचा आहे अशी खात्री करून दिल्यावांचून त्याला क्षमा करण्याचें धैर्य बोलपटास झालें नाहीं.

आठ वर्षांनीं, १९५१ सालीं, राज कपूर यांच्या ‘आवारा’नें तें धैर्य दाखविलें. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या कथेंतील न्यायाधीश रघुनाथ यांचें मत असें कीं, सज्जनाचा मुलगा सज्जन आणि चोराचा मुलगा चोर व्हावयाचाच. या मताच्या जोरावर ते एका माणसास दोषी ठरवितात. तो माणूस सूड उगवितो. आणि त्या सुडापायीं न्यायाधीशाचा स्वतःचाच मुलगा बापाच्या घराबाहेर, गल्लीबोळांत वाढून गुन्हेगार होतो. तो शेवटीं आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहतो तेव्हां त्याच्या शेजारीं समाजही उभा असतो. तरीही हा बोलपट त्याला सोडून देत नाहीं. त्याला तीन वर्षांची शिक्षा होते आणि तो ती मुकाट्यानें पत्करतो. गुन्ह्याचें कारण समजून घेणें आणि गुन्ह्याला शिक्षा देणें या दोन्ही गोष्टी एकाच निकालांत बसूं शकतात, असा त्या नव्या स्वातंत्र्याच्या काळाचा विश्वास होता. तो विश्वास ‘आवारा’नें बोलून दाखविला.

या विश्वासाचा एक धागा महाराष्ट्रांत, आटपाडीच्या माळापर्यंत येऊन पोंचतो. औंध संस्थानांत १९३९ सालीं स्वतंत्रपूर नांवाची कैद्यांची वसाहत सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांचा तिला आश्रय होता, आणि पोलंडहून आलेले, गांधीजींच्या विचारांनीं भारलेले इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांचा तिच्या उभारणींत मोठा वांटा होता. शिक्षा झालेले कैदी तेथें उंच भिंतींवांचून राहत आणि शेती करीत. या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांनीं कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. सहा खुनी कैद्यांना उजाड माळावर नेणारा त्यांतील जेलर बेड्यांऐवजीं विश्वासानें त्यांना बांधून ठेवतो. १९५८ सालच्या बर्लिन महोत्सवांत या बोलपटास रौप्य अस्वलाचें पारितोषिक मिळालें. गुन्हेगाराचें काय करावें, या प्रश्नास येथें ‘त्याला पुन्हां माणूस करावें’ असें उत्तर दिलें आहे. हें उत्तर आधीं एका लहानशा संस्थानानें आचरून दाखविलें आणि मग बोलपटानें तें देशभर पोंचविलें. आरसा आणि शिक्षक या दोन्ही भूमिका बोलपट एकाच वेळीं कशा करूं शकतो, याचें याहून चांगलें उदाहरण मला माहीत नाहीं.

१९६० सालीं बी. आर. चोप्रा यांचा ‘कानून’ आला. एकही गाणें नसलेला हिंदी बोलपट म्हणून त्याचें नवल झालें. परंतु माझ्या दृष्टीनें त्याचें खरें नवल निराळेंच आहे. त्यांतील तरुण वकील एक खून होतांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतो, आणि खुनी म्हणून त्याला दिसतात ते प्रत्यक्ष न्यायाधीश. त्यांच्याच मुलीशीं त्याचें लग्न ठरलेलें असतें. पकडला जातो मात्र एक क्षुद्र चोर. त्या चोराचा खटला त्याच न्यायाधीशांपुढें चालतो, आणि वकील भर न्यायालयांत त्यांच्याकडेच बोट दाखवितो. शेवटीं उघडकीस येतें कीं, खुनी हुबेहूब न्यायाधीशांसारखा दिसणारा कोणी दुसराच माणूस होता. वकील खोटें बोलला नव्हता. तो चुकला होता. आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही चुकला होता, कारण त्यानेंही तो खून त्याच डोळ्यांनीं पाहिला होता. इतर बोलपट प्रेक्षकाला सर्वज्ञ करून सोडतात. या बोलपटानें त्याला चुकीचा साक्षीदार केलें. चुकून फांशी दिलेला माणूस परत आणतां येत नाहीं, या त्याच्या युक्तिवादाला जें वजन आलें आहे, तें प्रेक्षकाला स्वतःची चूक अनुभवावी लागते म्हणूनच.

पुढील दशकांत वारें फिरलें. महागाई, बेकारी आणि लांचलुचपत यांनीं गांजलेल्या लोकांचा सरकारी कचेऱ्यांवरचा व न्यायालयांवरचा विश्वास ढळूं लागला, आणि तो ढळलेला विश्वास पडद्यावर येण्यास वेळ लागला नाहीं. १९७३ सालच्या ‘जंजीर’मध्यें प्रामाणिक इन्स्पेक्टर लांच घेतल्याच्या खोट्या आरोपावरून तुरुंगांत जातो, आणि सुटल्यावर वर्दीवांचूनच शत्रूचा हिशेब चुकता करावयास निघतो. १९७५ सालच्या ‘दीवार’मध्यें दोन भावांपैकीं एक पोलीस अधिकारी होतो व दुसरा चोरट्या व्यापारांत शिरतो. आई पोलीस मुलाच्या बाजूनें उभी राहते. प्रेक्षकाचें हृदय मात्र दुसऱ्याकडे धांवतें. दोन्ही बोलपट सलीम-जावेद यांनीं लिहिले आणि दोहोंत अमिताभ बच्चन यांनीं तो धुमसणारा तरुण उभा केला. या संतापाला सबळ कारण होतें, हें विसरून चालणार नाहीं. न्याय वेळेवर मिळत नसेल तर मनुष्य तो स्वप्नांत मिळवितो, आणि बोलपट हें लाखो माणसांनीं एकत्र पाहिलेलें स्वप्न आहे.

याच वर्षीं, १५ ऑगस्ट १९७५ रोजीं, ‘शोले’ प्रदर्शित झाला. त्या वेळीं देशांत आणीबाणी होती. ज्याचे हात दरोडेखोर गब्बरनें तोडले तो ठाकूर हा माजी पोलीस अधिकारी. मूळ चित्रणांत तो गब्बरला पायांनीं तुडवून ठार मारतो. सेन्सॉर मंडळानें या शेवटास हरकत घेतली, आणि दिग्दर्शक रमेश सिप्पी यांना निराळा शेवट चित्रित करावा लागला. त्यांत अखेरच्या क्षणीं पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बरला पकडून नेतात. मूळ शेवट असलेली प्रत पुढें पन्नास वर्षांनीं, २०२५ सालीं, इटलींतील बोलोन्या येथील महोत्सवांत दाखविली गेली. कात्रीनें बोलपटाचा शेवट बदलला, यांत शंका नाहीं; पण प्रेक्षकाचें मन बदललें काय? ज्यानें तीन तास गब्बरचे अत्याचार पाहिले, त्याला शेवटच्या दोन मिनिटांत आलेले पोलीस हे न्याय घेऊन आले असें न वाटतां न्यायाच्या आड आले असेंच वाटलें असावें. उपदेश शेवटीं चिकटविला म्हणजे गोष्टीचें तात्पर्य बदलत नाहीं.

या प्रश्नाची दुसरी बाजू १९८३ सालच्या ‘अर्धसत्य’नें दाखविली. श्री. दा. पानवलकर यांच्या मराठी कथेवरून विजय तेंडुलकर यांनीं पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानी यांनीं दिग्दर्शन केलें. ओम पुरी यांनीं रंगविलेला फौजदार अनंत वेलणकर मुळांत सरळ माणूस आहे. वरिष्ठांचा आणि पुढाऱ्यांचा दाब असह्य झाल्यामुळें आलेला सारा संताप तो कोठडींतल्या एका भुरट्या चोरावर काढतो, आणि तो चोर मरतो. पुढें त्यांतून सुटण्यासाठीं त्याला ज्याचा तिटकारा आहे त्याच गुंड पुढाऱ्याच्या दारीं जाण्याची पाळी येते. इतर बोलपटांत फौजदाराचा हात उठला कीं टाळ्या पडतात. येथें तो हात कोणावर पडला हें पाहून प्रेक्षक थिजतो. बलवान गुन्हेगारासाठीं उगारलेली काठी बहुधा दुबळ्याच्या पाठींत बसते, हें पोलीस ठाण्यांतील सत्य या बोलपटानें निर्भीडपणें सांगितलें.

तें सत्य ऐकलें जाण्यापूर्वींच मुंबईत एका नव्या शब्दानें घर केलें होतें. तो शब्द म्हणजे ‘एन्काउंटर’, आपल्या भाषेंत चकमक. १९९५ ते १९९७ या काळांत मुंबई पोलिसांशीं झालेल्या अशा चकमकींत सुमारे १३५ माणसें मारलीं गेलीं. या चकमकी खऱ्या होत्या कीं बनावट, हा प्रश्न न्यायालयांपुढें गेला, आणि २३ सप्टेंबर २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा प्रत्येक मृत्यूच्या स्वतंत्र चौकशीसाठीं १६ नियम घालून दिले. मधल्या काळांत चकमकी करणारा पोलीस अधिकारी बोलपटाचा नायक होऊन बसला होता. २००४ सालच्या ‘अब तक छप्पन’ या नांवांतील आंकडा मारलेल्या माणसांचा आहे. २०११ सालच्या ‘सिंघम’च्या शेवटीं तर सारें पोलीस दलच खलनायकावर तुटून पडतें, आणि न्यायालयाचें दार दिसण्यापूर्वींच न्याय झाला असें प्रेक्षकाला सांगितलें जातें. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं सप्टेंबर २०२३ मध्यें पोलिसांविषयींच्या एका समारंभांत याच शेवटाचा नामोल्लेख करून, यानें खरोखर न्याय झाला काय, असा प्रश्न विचारला, आणि हा संदेश घातक असल्याचा इशारा दिला.

हा इशारा केवळ तात्त्विक नाहीं. २०१९ सालच्या नोव्हेंबरमध्यें हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून करण्यांत आला. साऱ्या देशाचें मन पेटून उठलें, आणि तें उठावयासच हवें होतें. ६ डिसेंबरच्या पहाटे पोलिसांनीं चारही आरोपींना घटनास्थळीं नेलें आणि तेथें ते गोळीबारांत मारले गेले. लोकांनीं पोलिसांवर फुलें उधळलीं. बोलपट जेथें संपतो तेथेंच ही घटना संपली असती. पण सर्वोच्च न्यायालयानें माजी न्यायमूर्ति विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी आयोग नेमला. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत आयोगानें म्हटलें कीं, पोलिसांनीं सांगितलेली हकीकत विश्वास ठेवण्याजोगी नाहीं, आरोपींवर जिवें मारण्याच्या हेतूनेंच गोळ्या झाडल्या गेल्या, आणि संबंधित १० पोलिसांवर खुनाचा खटला चालविला जावा. मारल्या गेलेल्या चौघांपैकीं तिघे अज्ञान वयाचे होते, असाही आयोगाचा निष्कर्ष होता. ते दोषी होते कीं निर्दोष, हें आतां कोणतेंही न्यायालय सांगूं शकणार नाहीं. त्या मृत मुलीलाही तिचा निकाल मिळाला नाहीं. तिला मिळाला तो फक्त एक देखावा. फुलें उधळणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांनीं गुन्हा पाहिला नव्हता. तरी आपण तो पाहिला आहे, अशीच त्यांची भावना झाली होती. प्रेक्षकाची ही सर्वज्ञता चित्रगृहाच्या बाहेर आली म्हणजे काय होतें, तें येथें दिसतें.

लोकांची अशी भावना होण्यास बोलपटच लागतो असें मात्र नाहीं, आणि ही गोष्ट आजचीही नाहीं. १९५९ सालीं नौदलाचे अधिकारी नानावटी यांनीं पत्नीच्या प्रियकरास गोळ्या घालून मारल्याच्या आरोपावरून मुंबईत खटला चालला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानें नानावटींची बाजू उचलून धरली आणि शहरभर त्यांच्याविषयीं सहानुभूति पसरली. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें त्यांना निर्दोष ठरविलें. सेशन्स न्यायाधीशांना हा निर्णय मान्य झाला नाहीं. त्यांनीं प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविलें. तेथें नानावटी दोषी ठरले, त्यांना जन्मठेप झाली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. १९६४ सालीं राज्यपालांनीं त्यांना माफी दिली. या हकीकतीवर बेतलेला ‘रुस्तम’ हा बोलपट २०१६ सालीं आला, तेव्हां नायक ज्यूरीकडून सुटतांच तो संपला. वास्तवांत जेथें न्यायाचें कठीण काम सुरू झालें होतें, नेमका तेथेंच पडदा पडला.

लोकमताची ही शक्ति न्यायालयें ओळखून आहेत. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईत झालेल्या बाँबस्फोटांत २५७ माणसें ठार झालीं. त्या कटावर अनुराग कश्यप यांनीं ‘ब्लॅक फ्रायडे’ हा बोलपट काढला आणि २००५ च्या आरंभीं तो दाखविला जाणार होता. परंतु खटला अद्याप चालू होता. निकाल लागण्यापूर्वीं पडद्यावर आपण दोषी ठरूं, अशी तक्रार घेऊन आरोपी उच्च न्यायालयांत गेले, आणि न्यायालयानें प्रदर्शन थांबविलें. अखेर ९ फेब्रुवारी २००७ रोजीं तो बोलपट लोकांपुढें आला. कलावंताच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीनें ही बंदी योग्य कीं अयोग्य, याविषयीं मतभेद होऊं शकेल. पण पडद्यावरचा निकाल खऱ्या निकालावर सांवली टाकूं शकतो, ही भीति न्यायालयानें गंभीरपणें घेतली, एवढें त्यावरून निश्चित दिसतें.

मग उलट दिशेनें, म्हणजे न्यायालय खरोखर जसें आहे तसें दाखविणारा बोलपट निघूं शकत नाहीं काय? निघाला आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला, आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय सुवर्णकमळही त्यालाच मिळालें. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूनंतर एका वृद्ध शाहिरावर असा आरोप येतो कीं, त्याच्या गाण्यानें त्या कामगारास आत्महत्येस प्रवृत्त केलें. या बोलपटांत हातोडा नाहीं, गर्जना नाहीं, एकाएकीं उगवणारा साक्षीदार नाहीं. तारखा आहेत. सरकारी वकीलबाई काम आटोपून घरीं जातात व स्वयंपाक करतात. न्यायाधीश सुटींत सहलीस जातात. आणि शाहीर तुरुंगांत राहतो. कोणीही खलनायक नसतां अन्याय कसा होतो, हें तेथें दिसतें. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ च्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते, आणि त्यांपैकीं सुमारे ४ लाख ३४ हजारांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा होता. न्यायाचा विलंब म्हणजे गुन्हेगारांची चैन, असें ‘सिंघम’चा प्रेक्षक समजतो. प्रत्यक्षांत त्या विलंबाची झळ बहुतेक वेळां जामिनाचे पैसे नसलेल्या माणसास लागते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. न्यायालयें सुस्त आहेत ही बोलपटांची तक्रार खोटी नाहीं. त्यांनीं रोग बरोबर ओळखला. औषध मात्र चुकीचें सांगितलें. न्यायाधीश थोडे आणि खटले फार असतील, तर न्यायाधीश वाढवावे. साक्षीदार भीत असतील, तर त्यांना संरक्षण द्यावें. गरिबाला वकील मिळत नसेल, तर तो मिळवून द्यावा. हीं कामें दिवसानुदिवस, कागद हलवून करावयाचीं आहेत, आणि म्हणूनच तीं पडद्यावर रंगत नाहींत. पिस्तुलाची एक गोळी मात्र रंगते. प्रेक्षक जर गोळीवरच समाधान मानूं लागला, तर न्यायालयें सुधारण्याची मागणी करणारा कोणी उरणार नाहीं, आणि राज्यकर्त्यांनाही तीं सुधारण्याचें कारण राहणार नाहीं. बोलपटाचा सर्वांत मोठा धोका मला येथें दिसतो.

यावर कात्री हा उपाय नव्हे, हें ‘शोले’च्या हकीकतीवरून आपण पाहिलेंच. बोलपट पाहूं नयेत, असेंही मी म्हणणार नाहीं. मीही ते आवडीनें पाहतों. मात्र पाहतांना प्रेक्षकानें मधून मधून स्वतःला एक प्रश्न विचारावा: हें मला कसें कळलें? हा माणूस गुन्हेगार आहे असें मी इतक्या खात्रीनें म्हणतों, तें दिग्दर्शकानें मला तसें दाखविलें म्हणून. तो देखावा काढून टाकला, आणि मागें उरले फक्त एक घाबरलेला साक्षीदार, एक रक्ताळलेला सदरा आणि एका फौजदाराचा शब्द, तर मी याच्या शिक्षेच्या कागदावर सही करीन काय? घरांतील मुलांबरोबर असा बोलपट पाहून परत येतांना हाच प्रश्न त्यांनाही विचारावा. त्यांचीं उत्तरें ऐकण्यासारखीं असतात. उद्यां आपल्याच गल्लींत एखाद्याला चोर समजून लोक घेरतील, तेव्हां त्या गर्दींत निदान एकानें तरी ‘कोणीं पाहिलें?’ असें विचारावें, यासाठीं ही संवय आजपासूनच लावून घेतलेली बरी.